ई. टी. मेन्सा आणि हायलाइफ : पश्चिम आफ्रिकेच्या नृत्यसंगीताचा मागोवा

विसाव्या शतकाच्या मध्यावर पश्चिम आफ्रिकेच्या किनारपट्टीवरील शहरांत जे नृत्यसंगीत घुमत होते त्याला ‘हायलाइफ’ म्हणत, आणि त्या संगीताचा राजा म्हणून घानापासून नायजेरियापर्यंत ज्यांचे नाव एकमुखाने घेतले गेले ते म्हणजे इमॅन्युएल टेटे मेन्सा, अर्थात ई. टी. मेन्सा. ३१ मे १९१९ रोजी आक्रा शहरात जन्मलेल्या आणि १९ जुलै १९९६ रोजी निधन पावलेल्या या ट्रम्पेटवादकाच्या कारकिर्दीचा विचार करताना एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे, ती म्हणजे हायलाइफ हे मेन्सा यांनी निर्माण केलेले नाही. त्यांच्या जन्माच्या आधीपासूनच ते आकार घेत होते आणि त्याच्या पहिल्या महत्त्वाच्या ध्वनिमुद्रिकाही दुसऱ्यांच्याच आहेत. मेन्सा यांचे कर्तृत्व वेगळ्या जातीचे आहे. साहेबी थाटाचा भला मोठा वाद्यवृंद आणि रस्त्यावरचा ढोल यांच्यामधले अंतर त्यांनी मिटवले, आणि एका शहराच्या मूठभर क्लबांत अडकलेले संगीत प्रवासाच्या व तबकडीच्या बळावर सबंध प्रदेशाचे केले. आद्य प्रवर्तक हा शब्द त्यांच्याबाबतीत वापरायचा तो याच अर्थाने.

आजचा घाना त्या काळी ‘गोल्ड कोस्ट’ या नावाने ब्रिटिशांची वसाहत होता, आणि त्याच्या बंदरांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तीन निरनिराळे प्रवाह येऊन मिळत होते. पहिला प्रवाह लष्करी बँडचा होता. १८७० च्या दशकापासून केप कोस्ट व एलमिना येथील किल्ल्यांत ब्रिटिशांनी वेस्ट इंडीजमधील कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणी ठेवल्या होत्या, आणि हे सैनिक कवायतीच्या वेळी इंग्रजी संचलनाच्या धून वाजवीत असले तरी फावल्या वेळात आपल्या बेटांवरची गाणी वाजवीत. ती ऐकून स्थानिक वादकांनी पितळी वाद्यांवर आपल्या लयी बसवल्या आणि त्यातून ‘अडाहा’ नावाचे संगीत तयार झाले. दुसरा प्रवाह गिटारचा होता. लायबेरियाच्या किनाऱ्यावरील क्रू जमातीचे खलाशी जहाजांवर गिटार शिकले होते, आणि अंगठा व तर्जनी एवढ्या दोनच बोटांनी ती छेडण्याची त्यांची पद्धत बंदरोबंदरीच्या ताडीच्या गुत्त्यांतून पसरली. क्वामे असारे ऊर्फ जेकब सॅम यांच्या ‘कुमासी ट्रायो’ने १९२८ मध्ये लंडनला जाऊन ध्वनिमुद्रित केलेले ‘या अम्पोन्सा’ हे गाणे याच प्रवाहातले असून पुढच्या असंख्य गाण्यांची चाल त्याच्या साच्यावर बेतलेली आहे. तिसरा प्रवाह शिकलेल्या, ख्रिस्ती, किनाऱ्यावरच्या प्रतिष्ठित वर्गाच्या वाद्यवृंदांचा होता. आक्रामध्ये १९१४ च्या सुमारास ‘एक्सेल्सियर ऑर्केस्ट्रा’ स्थापन झाला, पुढे ‘जॅझ किंग्ज’ व ‘केप कोस्ट शुगर बेबीज’ आले, आणि वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट या युरोपीय नृत्यप्रकारांच्या मधोमध हे वाद्यवृंद एखादी स्थानिक चालही वाजवू लागले.

‘हायलाइफ’ हे नाव या तिसऱ्या प्रवाहाला मिळाले आणि ते देणारे लोक क्लबच्या आत नव्हते, बाहेर होते. मेन्सा यांचे वडीलबंधू येबुआ मेन्सा यांनी या नावाची जी उपपत्ती सांगितली आहे ती सर्वाधिक मान्यता पावलेली आहे. आत जाण्यासाठी साडेसात शिलिंग मोजावे लागत, पुरुषांना संध्याकाळचा संपूर्ण पाश्चात्त्य पोशाख आणि ऐपत असल्यास उंच टोपी घालावी लागे. हे काहीच परवडत नसलेली माणसे कुंपणाबाहेर उभी राहून आपल्याच ओळखीच्या चाली ऐकत आणि आतल्या मंडळींच्या त्या चैनीला ‘उंची जीवन’ म्हणत. चाल रस्त्यावरची आणि प्रवेश मात्र श्रीमंतांना, ही विसंगती या नावातच गोठलेली आहे. मेन्सा यांच्या संपूर्ण कारकिर्दीकडे ती विसंगती हळूहळू सैल करण्याचा प्रयत्न म्हणून पाहता येते.

मेन्सा गा भाषक होते, म्हणजे आक्रा ज्यांचे मूळ गाव त्या समाजातले. जेम्स टाउन भागातील सरकारी प्राथमिक शाळेत जो लॅम्प्टी नावाचे शिक्षक होते. त्यांनी विद्यार्थ्यांचा बासरी व ढोल यांचा बँड उभा केला होता आणि त्यातील होतकरू मुलांना घेऊन पुढे ‘आक्रा ऑर्केस्ट्रा’ चालवला. लहानग्या मेन्सा यांचे हात प्रथम पडले ते या शाळकरी आडव्या बासरीवर. स्वरलिपी वाचणे, ठरल्या वेळी तालमीला हजर राहणे आणि आपल्या वाट्याच्या स्वरांपलीकडे न जाणे ही शिस्त त्यांना इथे लागली, आणि घानाच्या संगीताचा इतिहास लिहिताना लॅम्प्टी यांच्यासारख्या शाळामास्तरांचे ऋण जितके मोकळेपणाने मानले जायला हवे तितके ते मानले जात नाही. १९३० च्या दशकात येबुआ यांनी ‘आक्रा ऱ्हिदमिक ऑर्केस्ट्रा’ काढला तेव्हा धाकटे मेन्सा त्यात होतेच. तोवर ते सॅक्सोफोनही वाजवू लागले होते. पोटापाण्यासाठी त्यांनी औषधनिर्मात्याचे शिक्षण घेतले आणि ते सरकारी नोकरीत शिरले. ही नोकरी त्यांच्या आयुष्यात पुढे पुन्हा पुन्हा डोकावते.

दुसऱ्या महायुद्धाने आक्राचे रूप पालटले. ब्रिटिश व अमेरिकी सैनिकांचा तळ शहरात पडला, त्यांच्यासाठी बार व नाचघरे निघाली, आणि मोठ्या वाद्यवृंदांच्या जागी ‘स्विंग’ या अमेरिकी जॅझच्या नाचऱ्या शैलीची मागणी वाढली. जॅक लेपर्ड नावाच्या स्कॉटिश सार्जंटने गोऱ्या व काळ्या वादकांचा एक मिश्र बँड उभारला आणि त्यात मेन्सा आल्टो सॅक्सोफोन वाजवू लागले. स्वर नेमका कसा लावायचा, जिभेने तो कसा तोडायचा, श्वास कुठे साठवायचा आणि कंप किती द्यायचा, ही फुंकवाद्याची खरी कारागिरी आपण लेपर्डकडे शिकलो असे मेन्सा यांनी पुढे सांगितले आहे. याच काळात गोल्ड कोस्टचे हजारो जवान भारतमार्गे ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढत होते. परत आल्यावर त्यांच्या पदरी आश्वासनांखेरीज फारसे काही पडले नाही, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी आक्रामध्ये अर्ज घेऊन निघालेल्या माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळीबार होऊन तिघे ठार झाले, तेव्हा उसळलेल्या दंगलींनी वसाहतवादी राजवटीच्या शेवटाची सुरुवात केली. मेन्सा यांचा बँड नावारूपाला आला तो नेमका या दिवसांत, आणि या योगायोगाला अर्थ आहे, कारण ज्या पिढीला साहेबाचे राज्य नको होते तिला साहेबाच्या नाचांची नक्कलही पुरेशी वाटत नव्हती.

‘टेम्पोज’ हा तो बँड. युद्धानंतर लगेच काही युरोपीय व आफ्रिकी हौशी वादकांनी तो सुरू केला, १९४७ मध्ये मेन्सा त्यात आले आणि वर्षभरात त्याचे नेते झाले. या बँडचे ढोलवादक गाय वॉरन होते. वॉरन १९५० च्या सुमारास लंडनला जाऊन कॅरिबियन व क्यूबन वादकांबरोबर वाजवून आले आणि येताना बोंगो ढोल, खुळखुळे आणि त्या बेटांच्या लयींची जाण घेऊन आले. ही वाद्ये मुळात आफ्रिकेतूनच गुलामांबरोबर अटलांटिकपार गेलेल्या वाद्यांची वंशज होती, त्यामुळे ती आक्राच्या रंगमंचावर आली तेव्हा श्रोत्यांना परकी वाटली नाहीत. स्थानिक घंटा आणि ढोल हे ‘देशी’ म्हणून ज्या क्लबांत वर्ज्य होते, तिथे तीच लय क्यूबन वेशात मानाने आत आली. पुढे वॉरन बँड सोडून गेले, अमेरिकेत त्यांनी १९५६ च्या ‘आफ्रिका स्पीक्स, अमेरिका आन्सर्स’ या ध्वनिमुद्रिकेतून जॅझ आणि आफ्रिकी ढोल यांचा मेळ घालण्याचा धाडसी प्रयोग केला आणि उत्तरायुष्यात ते कोफी घानाबा या नावाने ओळखले गेले. प्रतिभेची झेप वॉरन यांची मोठी होती हे मान्य करावे लागेल. परंतु लोकांना नाचता येईल, गुणगुणता येईल आणि दर शनिवारी पुन्हा ऐकावेसे वाटेल असे संगीत उभे करण्याची चिकाटी मेन्सा यांच्याकडे होती.

त्यांनी वाद्यमेळाचे आकारमानच बदलले. जुन्या वाद्यवृंदांत व्हायोलिनपासून पितळी वाद्यांपर्यंत मोठा ताफा असे. टेम्पोजमध्ये ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, दोन-तीन सॅक्सोफोन, गिटार, बास आणि लयवाद्ये एवढाच सरंजाम होता, आणि त्यामुळे एका मोटारीत मावणारा, दूरच्या गावी नेता येणारा बँड अस्तित्वात आला. १९५२ मध्ये डेक्का कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रणाला सुरुवात केली, आणि १९५३ मध्ये मेन्सा यांनी सरकारी नोकरी सोडून पूर्णवेळ संगीत पत्करले. पेन्शनची नोकरी सोडून ट्रम्पेटवर संसार चालवणे ही त्या काळच्या आक्रामध्ये जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती.

त्यांच्या गाण्यांपैकी ‘ऑल फॉर यू’ हे सर्वांत गाजलेले, आणि त्याची घडण बारकाईने पाहिली म्हणजे मेन्सा यांची रीत उलगडते. गाण्याच्या बुडाशी टिपऱ्यांसारख्या दोन लाकडी दांडक्यांचा ठेका आहे. मराठी श्रोत्याने तालाच्या आवर्तनाची कल्पना मनात धरली तर हा ठेका समजायला सोपा जातो, कारण तोही ठरावीक मात्रांनंतर पुन्हा पहिल्या जागी येतो. मात्र त्यातले आघात समान अंतरावर नसल्यामुळे लय सतत पुढे ढकलली जाते आणि पाय आपोआप उचलतो. या ठेक्यावर ट्रम्पेट चाल मांडते, सॅक्सोफोन तिला जोडस्वरांत उत्तर देतात, मग गायक तीच चाल साध्या शब्दांत गातो आणि ती पुन्हा वाद्यांकडे सोपवतो. सवाल-जवाबाची ही पद्धत आफ्रिकी समूहगायनातून आलेली आहे, तर स्वरमेळाची पद्धत चर्च आणि लष्करी बँडमधून. हे सारे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर, म्हणजे जेमतेम तीन मिनिटांत बसवलेले आहे, आणि तरीही कुठे घाई जाणवत नाही. कोणताही वादक दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. शाळेच्या बासरी-बँडची शिस्त इतक्या वर्षांनी या संयमात दिसते.

या गाण्याची चाल मात्र मेन्सा यांची नाही. ती ‘स्लाय मंगूस’ या कॅरिबियनमध्ये आधीपासून लोकप्रिय असलेल्या गाण्यावरून घेतलेली आहे. ज्या मुंगसावर ते मूळ गाणे रचले गेले तो प्राणी जमैकात भारतातून आला होता. उसाच्या मळ्यांतील उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी १८७२ मध्ये तो तिथे नेण्यात आला, आणि त्याचे इंग्रजी नाव ‘मंगूस’ हे आपल्या ‘मुंगूस’ या मराठी शब्दावरून इंग्रजीत गेलेले आहे. म्हणजे एक मराठी शब्द आणि एक भारतीय प्राणी जमैकाच्या लोकगीतात शिरला, आणि त्या गीताची चाल आक्राच्या ट्रम्पेटवर येऊन हायलाइफची ओळख बनली. उसनी चाल हा दोष मानायचा का, या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. वेस्ट इंडीजच्या पलटणींनी ऐंशी वर्षांपूर्वी केप कोस्टच्या किल्ल्यात जी बेटांवरची गाणी वाजवली त्यांच्यातूनच हायलाइफची पितळी वाद्यांची शाखा फुटली होती. मेन्सा यांनी कॅलिप्सो, म्हणजे त्रिनिदादचे लोकप्रिय कथनगीत, आपल्या संगीतात घेतले तेव्हा जुने नातेच त्यांनी पुन्हा जोडले.

१९५० पासून टेम्पोजचे नायजेरियाचे दौरे सुरू झाले, आणि मेन्सा यांच्या वारशाचा सर्वांत भरीव भाग इथे आहे. त्या वेळी लागोसमधील नृत्यबँड मुख्यत्वे स्विंग व युरोपीय नाच वाजवीत असत. आफ्रिकी लय आणि आफ्रिकी भाषा घेऊनही उच्चभ्रू नाचघर भरवता येते हे टेम्पोजने त्यांना दाखवून दिले. बॉबी बेन्सन हायलाइफकडे वळले, व्हिक्टर ओलाय्या यांनी १९५४ मध्ये आपला ‘कूल कॅट्स’ बँड काढला, रेक्स लॉसन व रॉय शिकागो यांच्यासारखे कलावंत पुढे आले, आणि दशकभरात लागोसचे रात्रजीवन हायलाइफमय झाले. पुढे ‘आफ्रोबीट’चे जनक म्हणून जगभर गाजलेले फेला कुटी तरुणपणी ओलाय्यांच्या बँडमध्ये होते आणि त्यांच्या ‘कूला लोबिटोस’ या पहिल्या बँडचे संगीतही हायलाइफ व जॅझ यांचेच होते. फेला यांच्या संगीतातील पितळी वाद्यांची फळी ऐकताना या वंशावळीची आठवण ठेवली पाहिजे. खुद्द घानामध्येही टेम्पोज ही एक शाळाच ठरली. ट्रॉम्बोनवादक टॉमी ग्रिपमन यांनी ‘रेड स्पॉट्स’ आणि सॅक्सोफोनवादक स्पाइक अन्यान्कोर यांनी ‘ऱ्हिदम एसेस’ हे बँड काढले ते टेम्पोजमधून बाहेर पडूनच.

मे १९५६ मध्ये लुई आर्मस्ट्राँग आक्राला आले. अमेरिकेतील जॅझचा हा सर्वांत मोठा ट्रम्पेटवादक विमानातून उतरला तेव्हा शहरातील वादक धावपट्टीवर एकत्र येऊन ‘ऑल फॉर यू’ वाजवीत होते, आणि आर्मस्ट्राँग यांनी आपली ट्रम्पेट काढून त्या चालीत आपलाही सूर मिसळला. जुन्या पोलो मैदानावरील त्यांच्या कार्यक्रमाला लाखभर माणसे लोटल्याचा अंदाज सांगितला जातो, तर रात्री मेन्सा यांच्या ‘पॅरामाउंट’ क्लबात दोघांनी एकत्र वादन केले. या भेटीचे चित्रीकरण झाले आणि ते जगाने पाहिले. गुलामगिरीने दूर नेलेल्या लोकांचे संगीत आणि मागे राहिलेल्यांचे संगीत एका मंचावर भेटले, असा तिचा अर्थ तेव्हाच्या आक्रावासीयांनी लावला, आणि तो योग्यच होता.

६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. सहाराच्या दक्षिणेकडील वसाहतींमध्ये मुक्त होणाऱ्यांत तो आघाडीवर असल्याने त्या दिवसाकडे साऱ्या खंडाचे लक्ष होते, आणि मेन्सा यांचे ‘घाना फ्रीडम’ हे गाणे त्या क्षणाचे ध्वनिचिन्ह होऊन बसले. क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारला हायलाइफ राष्ट्रीय संगीत म्हणून हवे होते. घाना, गिनी व माली यांच्या संघावरही मेन्सा यांनी गाणे रचले. गाणी म्हणून ही राजकीय गीते त्यांच्या नृत्यगीतांइतकी बांधेसूद नाहीत, त्यांत घोषणेचा भाग अधिक आहे. पण लोकांनी ती हृदयाशी धरली, आणि त्या जिव्हाळ्यापुढे रचनेतला दोष गौण ठरतो.

मेन्सा यांच्या भाषाविषयक धोरणाकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. ते गा, ट्वी, फान्टी, एवे आणि इंग्रजीत तर गात होतेच, शिवाय नायजेरियातील श्रोत्यांसाठी तिथल्या भाषांचाही वापर करीत. वसाहतींनी आखलेल्या सीमा आणि जमातींमधील तेढ यांनी विभागलेल्या प्रदेशात एकच बँड एका रात्रीत चार भाषांमध्ये गातो, याचे मोल त्या काळी कोणत्याही भाषणापेक्षा जास्त होते. ज्युली ओकिने यांना त्यांनी दिलेले स्थानही असेच महत्त्वाचे आहे. नृत्यबँडच्या मंचावर स्त्रीने गाणे अप्रतिष्ठेचे समजले जाण्याच्या काळात ओकिने यांनी टेम्पोजबरोबर पुरुषाच्या दास्याविषयीचे ‘नथिंग बट अ मॅन्स स्लेव्ह’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. तरीही मेन्सा यांचे श्रोते मुख्यत्वे शहरी राहिले हे नाकारता येत नाही. खेड्यापाड्यांत पोचले ते गिटार बँड, आणि त्यांत ई. के. न्यामे यांचे स्थान पहिले, कारण त्यांनी गिटारचे हायलाइफ आणि ‘कॉन्सर्ट पार्टी’, म्हणजे गावोगाव फिरणारे गाण्याबजावण्याचे विनोदी नाट्य, यांची सांगड घातली. क्लबबाहेरच्या त्या माणसांना मेन्सा यांनी कुंपणाच्या आत आणले खरे, पण सगळ्यांना आणणे त्यांच्या हाती नव्हते.

१९६० च्या दशकात ओहोटी लागली. जेरी हॅन्सन यांचा ‘रॅम्बलर्स’ आणि ‘उहुरू’ यांसारखे अधिक मोठे व सफाईदार बँड आले, तरुण पिढीचे कान रॉक आणि सोल संगीताकडे लागले, फेब्रुवारी १९६६ मध्ये एन्क्रुमा यांचे सरकार लष्कराने उलथवले, तर नायजेरियात १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा गृहयुद्धाने लागोसमधील पूर्वेकडच्या वादकांना पांगवले आणि तिथले नृत्यबँड मोडून पडले. मेन्सा पुन्हा औषधनिर्मात्याच्या नोकरीकडे वळले आणि बँड जमेल तसा चालवत राहिले. हायलाइफच्या राजाला औषधांच्या कपाटापाशी परतावे लागले ही बाब खेदाची आहे, आणि तिचा दोष एकट्या बदलत्या अभिरुचीला देता येत नाही, कारण वादकाला म्हातारपणी आधार देईल अशी व्यवस्था स्वतंत्र घानाने उभीच केली नव्हती. १९८० च्या दशकारंभी लष्करी राजवटीने लादलेल्या रात्रीच्या संचारबंदीने उरलीसुरली नाचघरेही बंद पाडली. वादक चर्चच्या आश्रयाला गेले किंवा परदेशी गेले, आणि जर्मनीत स्थायिक झालेल्या जॉर्ज डार्को यांच्यासारख्या कलावंतांनी सिंथेसायझरच्या साहाय्याने ‘बर्गर हायलाइफ’ नावाची नवी शाखा निर्माण केली.

याच पडत्या काळात मेन्सा यांच्याकडे पुन्हा लक्ष गेले. त्यांनी आणि ओलाय्यांनी मिळून एक ध्वनिमुद्रिका केली, जणू आक्रा आणि लागोस यांच्यातील जुन्या ऋणाची ती पोचपावतीच होती. १९८६ मध्ये लंडनच्या रेट्रोआफ्रिक या संस्थेने डेक्काच्या जुन्या तबकड्यांवरून ‘ऑल फॉर यू’ हा संग्रह प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी घानात राहून संशोधन करणारे जॉन कॉलिन्स यांचे मेन्सा यांच्यावरील चरित्र आले. एका आफ्रिकी नृत्यबँडच्या नेत्याचे त्याच्या हयातीत, त्याच्याच तोंडून ऐकून लिहिलेले चरित्र ही त्या वेळी दुर्मीळ घटना होती. येबुआ यांनी सांगितलेली नावाची उपपत्ती, लेपर्डकडून घेतलेले धडे, लॅम्प्टी मास्तरांचा बँड यांविषयी आज जे काही नेमकेपणाने लिहिता येते त्यातले बरेचसे त्या नोंदींमुळे वाचले आहे, आणि मौखिक साक्षी वेळेवर टिपून ठेवण्याचे महत्त्व यापेक्षा वेगळे सांगण्याची गरज नाही.

ज्या वाचकाला हे संगीत अपरिचित आहे त्याने ‘ऑल फॉर यू’ एकदा ऐकावे, आणि पहिल्या वेळी ट्रम्पेटकडे कान न देता तिच्याखाली चाललेल्या टिपऱ्यांचा ठेका धरावा. केप कोस्टचा किल्ला, क्रू खलाशांची गिटार आणि जेम्स टाउनची शाळा यांच्यातून आलेली ही लय मेन्सा यांच्या बँडमध्ये सर्वांत स्वच्छ ऐकू येते.